व्हेरिकोज व्हेन्सवर फोमचं इंजेक्शन: शिरेच्या भिंतीचं आत काय होतं आणि आपण कधी काय करायचं

फोम स्क्लेरोथेरपीबद्दल, म्हणजे पायातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) औषधाचा फेस टोचून बंद करण्याबद्दल, पुण्यात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, "अहो काही नाही हो, फेसाचं इंजेक्शन देतात, शीर बंद होते, दुपारी घरी." खोटं काहीच नाही त्यात. पण शीर बंद होते ती नेमकी कशी हे कोणी सांगत नाही, त्यामुळे काहींना वाटतं फेस आत बूच मारून बसतो, आणि काहींना वाटतं मुद्दाम रक्ताची गुठळी करतात, मग ती सरकून छातीत गेली तर काय या भीतीने पाय सुजलेला घेऊन वर्षानुवर्षं बसून राहतात.

फेस काही मिनिटांत विरतो. गुठळी थोडीफार होते, पण तो हेतू नाही, उलट जितकी कमी तितकं बरं. हेतू असतो शिरेच्या आतल्या अस्तराला मुद्दाम इजा करायचा, इतकी की ते परत उगवू नये, मग शरीर ती जखम भरताना शीरच आतून मिटवून टाकतं. हे एकदा डोक्यात बसलं की स्टॉकिंग, म्हणजे पाय दाबून धरणारा घट्ट लांब मोजा, कशाला, लगेच चालायला का लावतात, पंधरा दिवसांनी शीर कडक का लागते, सहा महिन्यांनी परत डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) कशाला, सगळ्याचा उलगडा होतो. मी डॉक्टर नाही, पण घरच्यांचं करून घेताना सर्जनला आणि सोनोग्राफीवाल्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय, ते सगळं क्रमाने लिहितेय. तुमच्या पायाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या, हे वेगळं सांगायला नको.

आधी शीर कशी असते ते

शिरेच्या भिंतीला तीन थर. सगळ्यात आत एंडोथेलियम, म्हणजे जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर. ते शाबूत आहे तोवर रक्त भिंतीला चिकटत नाही आणि आतल्या आत गोठत नाही. त्याच्या बाहेर मीडिया, यात स्नायूंच्या पेशी आणि तंतू. सगळ्यात बाहेर अॅडव्हेंटिशिया, म्हणजे शिरेला आजूबाजूच्या भागाशी धरून ठेवणारं वेष्टण. आणि आत ठराविक अंतरावर झडपा, रक्त वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही.

आपण स्थिर उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर पारा इतकं प्रेशर असतं. चालायला लागलो की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि निरोगी माणसात ते ३० च्या आसपास किंवा खाली येतं. झडपा गेल्या की चालूनही उतरत नाही. म्हणून लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे असणारे, चौकातले ट्रॅफिक हवालदार, शाळेतल्या बाई, मंडईतले गाळेवाले यांची संध्याकाळची तक्रार एकच, पाय भरून आलेत, पोटऱ्या ओढतायत. नुसतं उभं राहून होतं असं मात्र नाही, आईवडिलांकडून आलेली कमकुवत भिंत, बाळंतपणं, वजन, वय सगळं मिळून होतं. फुगलेल्या शिरेची भिंत आधीच बिघडलेली असते, मीडियातले स्नायू विस्कटलेले, ताण धरणारे तंतू कमीजास्त झालेले. म्हणजे फोम निरोगी शीर मारत नाही, आधीच कामातून गेलेली काढून टाकतो.

इथे हमखास येणारे दोन प्रश्न. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? पायातलं जवळजवळ ९० टक्के रक्त खोलातल्या शिरांमधूनच वर जातं, वरवरच्या शिरांचा वाटा थोडा, आणि बिघडलेली शीर तर रक्त उलटंच आणत असते. दुसरा, उद्या बायपासला पायाची शीर लागली तर? फुगून वेडीवाकडी झालेली शीर बायपासला बहुतेक वेळा घेतच नाहीत.

डॉपलरशिवाय पुढे जाऊच नका

कोणी नुसतं पायाकडे बघून "देऊन टाकू इंजेक्शन" म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. वर दिसणारी निळी शीर हा शेवटचा टप्पा असतो, गळती बऱ्याचदा जांघेत किंवा गुडघ्यामागे असते आणि ती तशीच ठेवून खालच्या शिरांना फोम दिला तर वरून प्रेशर येतच राहतं, भिंत भरून यायला वावच मिळत नाही, शीर परत उघडते.

डॉपलर उभं राहून झाली पाहिजे, निदान उलटा प्रवाह आणि शिरेची जाडी तरी उभं असतानाच मोजलेली पाहिजे. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ खाली येतं ते बघतात, वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त आलं तर झडप गेली. रिपोर्टात बघा की गळतीची जागा लिहिलीय का, शिरेचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलाय का, खोलातल्या शिरा मोकळ्या आहेत असं स्पष्ट म्हटलंय का. यातलं काही नसेल तर तिथेच विचारा, घरी आल्यावर फोनवर कोणी धड सांगत नाही.

व्यास का महत्त्वाचा? बारीक शिरेत फोम चहूबाजूंनी भिंतीला टेकतो. जाड शिरेत भिंत जाड आणि रक्तही जास्त, फोम वर तरंगतो, खालची बाजू कोरडीच राहते. ६-७ मिलिमीटरच्या पुढे यशाचं प्रमाण उतरत जातं. म्हणून मांडीतल्या मुख्य लांब शिरेसाठी फोम हा पहिला पर्याय धरत नाहीत. उपचारांच्या गाइडलाइन्स काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ साली क्रम लावून दिला, आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (दोन्हींत शिरेत तार घालून उष्णतेने ती बंद करतात), ते जमत नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर ऑपरेशन. तिथल्याच क्लास नावाच्या मोठ्या ट्रायलचे पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले, त्यातही लेझर आणि ऑपरेशनवाले पेशंट फोमवाल्यांपेक्षा जास्त बरे निघाले.

मग फोम कोणासाठी? नागमोडी शिरांसाठी, जिथे लेझरची सरळ तार जातच नाही. ऑपरेशननंतर परत आलेल्या शिरांसाठी. घोट्याजवळच्या जखमेच्या आसपासच्या शिरांसाठी. वयस्कर माणसांसाठी, ज्यांना भूल द्यायची नाही. आणि बऱ्याचदा वरती लेझर आणि खाली फोम असं दोन्ही मिळून करतात, ते मला सगळ्यात पटतं.

डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी

हृदयात जन्मापासून छिद्र आहे असं कधी कोणी सांगितलंय का, ऑरा असलेली मायग्रेन (डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढे चमकणं वगैरे होतं ती) आहे का, आधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, घरात कोणाला झालीय का, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कसलीही अॅलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजणं. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधली छोटी फट साधारण चारातल्या एका माणसात उघडी राहिलेली असते आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. त्या फटीतून फोमचे बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात, म्हणून फोमनंतर क्वचित कोणाला डोळ्यापुढे चमकतं, कधी छातीत दाटल्यासारखं होतं, कोरडा खोकला येतो. बहुतेक वेळा आडवं पडून थोड्या वेळात जातं. पण छिद्र माहीत असेल आणि त्याचा त्रास असेल तर फोम नाहीच.

डायबेटिस किंवा बिडी-सिगारेट असेल तर पायाच्या धमन्यांचं प्रेशर आधी मोजून घ्या, कारण नंतर जे घट्ट स्टॉकिंग घालायचंय ते धमनी अरुंद असलेल्या पायाला घातक ठरू शकतं.

फोम बनवतात कसा

औषधं मुख्यतः दोन, पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. दोन्ही जातीने डिटर्जंट. तेलकट कढईला साबण काय करतो तेच ही औषधं पेशीच्या पापुद्र्याला करतात, कारण तो पापुद्रा चरबीचाच असतो. पॉलिडोकॅनॉल मुळात लोकल भूल म्हणून निघालं होतं, म्हणून ते टोचताना फार झोंबत नाही. तेवढ्याच टक्क्याचं टेट्राडेसिल जास्त तीव्र.

पातळ औषध तसंच टोचलं तर रक्तात मिसळून पातळ होतं, आणि रक्तातली प्रथिनं, खासकरून अल्ब्युमिन, त्याला पकडून निकामी करतात. १९४४ मध्ये ऑर्बाखने औषधाआधी थोडी हवा सोडून रक्त बाजूला सारायची युक्ती केली, नव्वदच्या दशकात स्पेनच्या काब्रेरांनी बारीक बुडबुड्यांचा फोम वापरला, आणि २००० साली इटलीच्या तेस्सारींनी ते कुठल्याही ओपीडीत जमेल इतकं सोपं करून टाकलं.

ती पद्धत अशी. दोन सिरिंज, मध्ये त्यांना जोडणारी तीन तोंडांची छोटी तोटी, थ्री-वे. एकीत १ भाग औषध, दुसरीत ४ भाग हवा. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे, साधारण २० वेळा खटाखट ढकलायचं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मोठे बुडबुडे दिसतात, मग एकदम पांढराशुभ्र दाट फेस होतो, सिरिंज उलटी केली तरी लगेच पाणी सुटत नाही. पण हे सगळं थोडा वेळच, दोनेक मिनिटांत निम्मं औषध परत पातळ होऊन खाली बसतं. त्यामुळे आधी सुई शिरेत, मग फोम, असा क्रम. फोम बनवून ठेवून मग शीर शोधत बसलेले डॉक्टर दिसले तर विचारायला लाजू नका.

एका वेळी एकूण १० मिलि फोमच्या पुढे जायचं नाही असं युरोपातल्या गाइडलाइन्स सांगतात. हिशोब करून बघा, १० मिलि फोममध्ये औषध फक्त २ मिलि. ३ टक्क्यांचं पॉलिडोकॅनॉल असेल तर ६० मिलिग्रॅम, आणि दिवसाची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला १२०. औषधाची मर्यादा लांबच राहते, लगाम असतो तो हवेला. म्हणून दोन्ही पाय, सगळ्या शिरा, एकाच दिवसात उरकून देतो असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. काही ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो रक्तात पटकन विरघळतो, पण फोमही लवकर फुटतो.

टेबलवर: पहिली मिनिटं

सोनोग्राफीच्या प्रोबखाली बारीक सुई किंवा कॅन्युला (प्लास्टिकची बारीक नळी) शिरेत घालतात. मग पाय वर उचलून धरतात, रक्त उतरलं की शीर बारीक होते आणि फोमला भिंतच भिंत मिळते. फोम आत जाताना स्क्रीनवर काळी शीर पांढरी होत जाते, मागे सावली पडते, तो कुठवर पोचला ते दिसतं. डॉक्टर घोटा वरखाली करायला सांगतील तेव्हा नीट करा, खोलातल्या शिरेत चुकून गेलेला फोम त्या हालचालीने वाहत्या रक्तात मिसळून निकामी होतो. पण उठून बसायचं नाही, जोर लावायचा नाही, सांगतील तितकी मिनिटं गप पडून राहायचं.

आता भिंतीवर. फोम रक्ताला ढकलून पुढे सारतो, मागे बुडबुड्यांभोवतीचं औषध थेट अस्तराला लागतं. औषधाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडचं, एक चरबीकडचं. चरबीकडचं टोक पेशीच्या पापुद्र्यात घुसतं, तिथली चरबी आणि प्रथिनं सुटी करतं, पापुद्रा फाटतो आणि पेशी मरते. हे काही सेकंदांपासून मिनिटांत उरकतं. अस्तर सोलून निघतं आणि खालचं कोलॅजन, म्हणजे भिंतीतले प्रथिनांचे तंतू, उघडं पडतं. औषध लागताच भिंतीतले स्नायू आकसतात, मघाशी टम्म असलेली शीर स्क्रीनवर बारीक झालेली दिसते. हा आकस चांगला, त्याने आत रक्ताला जागा उरत नाही.

उघड्या कोलॅजनला प्लेटलेट्स चिकटतात, थोडं रक्त गोठतं. इथेच सगळा नाजूक भाग आहे. अस्तर नुसतं ओरबाडलं गेलं आणि मीडिया शाबूत राहिला, तर मधेमधे जिवंत उरलेल्या पेशी परत पसरतात, गुठळी विरघळते आणि शीर काही महिन्यांत पुन्हा चालू. औषध फार तीव्र झालं तर उलट, इजा भिंतीच्या पार बाहेर जाते, लालसरपणा, दुखणं, डाग वाढतात, आणि फोम बाहेर झिरपून किंवा बारीक धमनीत जाऊन कातडीला जखमही होऊ शकते, ती क्वचित पण वाईट. म्हणून शिरेप्रमाणे टक्के बदलतात. मुख्य जाड शिरेला १ ते ३ टक्के पॉलिडोकॅनॉल, त्वचेखालच्या निळसर बारीक शिरांना अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघांना त्याहून कमी आणि तेही बऱ्याचदा पातळच. "सगळ्यात स्ट्राँग द्या डॉक्टर, एकदाच काम होऊन जाऊ दे" असं म्हणणारे काका प्रत्येक वेटिंग रूममध्ये असतात, त्यांना हे समजवायला हवं.

त्याच दिवशी ते पहिले आठवडे

टेबलवरून उतरायच्या आत स्टॉकिंग किंवा पट्टी चढते आणि लगेच २०-३० मिनिटं चालायचं. चालल्याने खोलातल्या शिरांमधून रक्त जोरात वाहतं, तिथे गुठळी व्हायची शक्यता कमी होते. स्टॉकिंगचं काम दुसरं, सोललेल्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या राहाव्यात, मधे रक्त साठू नये. जितकं रक्त कमी अडकेल तितकं दुखणं कमी आणि डाग कमी. साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचं, क्लास टू, मांडीपर्यंतचं सांगतात. कोणी आठवडाभर म्हणतं, कोणी तीन-चार आठवडे, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

घालायची कला आहे ती. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी घालायचं. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवा, स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटं करून आधी पंजा आणि टाच नीट बसवा, मग तळहाताने थोडं थोडं वर सरकवा. काठाला धरून ओढलं की फाटतं किंवा वर गुंडाळी होते, आणि ती गुंडाळी मांडीला काचते. शक्य असेल तर हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्यात मांडीपर्यंत स्टॉकिंग घालून पीएमपीच्या बसमध्ये उभं राहणं म्हणजे शिक्षा, मग माणसं दुसऱ्याच दिवशी काढून ठेवतात. गणपतीच्या तोंडावरही नको, मिरवणुकीत तासन्तास उभं राहायचा मोह आवरत नाही.

रोज चाला, सपाट रस्त्यावर, सारसबाग असो नाहीतर सोसायटीतल्या फेऱ्या. पर्वती आणि सिंहगड थोडे दिवस राहू दे, वजन उचलायची जिमही. गरम पाण्याचा शेक नको, तेल लावून रगडणं तर अजिबातच नको, आजी कितीही म्हणाली तरी. लांबचा विमानप्रवास पुढे ढकला, रात्रभराची ट्रॅव्हल्सही.

या काळात भिंतीत काय चाललेलं असतं? पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, मेलेल्या पेशी साफ करतात, सूज येते. म्हणून चार दिवसांनी ते दोन-तीन आठवड्यांपर्यंत शीर हाताला कडक, जरा गरम, दाबली की दुखरी लागते. ही अपेक्षित गोष्ट आहे, पण आपल्याकडे याच टप्प्यावर "काहीतरी बिघडलं" म्हणून लोक दुसऱ्या डॉक्टरकडे पळतात आणि तिथे अँटिबायोटिक घेऊन येतात, ज्याचा इथे बहुतेक वेळा काही संबंध नसतो. शिरेत काळपट जाड रक्त अडकून फारच दुखत असेल तर डॉक्टर बारीक सुईने टोचून ते काढतात. माझ्या मावशीचं तसं काढलं तेव्हा चहाच्या चमचाभर काळं रक्त निघालं, आणि संध्याकाळी ती जिना उतरून खाली भाजीला गेली. हे रक्त तसंच राहिलं तर त्यातलं लोह कातडीत उतरतं आणि तपकिरी पट्टा उमटतो, जो बहुतेकांचा महिन्यांनी फिकट होतो, काहींचा वर्षभर राहतो. लग्नसराई तोंडावर असेल तर हा डाग आधीच लक्षात घ्या.

वाट बघत बसायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या. एकच पोटरी अचानक सुजून ताठ झाली, धाप लागली, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, अंगभर गांध्या उठून श्वास कोंडला, तर सरळ १०८ लावा. क्लिनिकच्या व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून ब्लू टिकची वाट बघू नका.

महिने: भिंत मिटते ती

यापुढचं काम शरीर सावकाश करतं. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात, कोलॅजन विणतात, आतली पोकळी भरत जाते. मऊ नळीचा तंतुमय दोरा होतो आणि पुढे तो इतका आकसतो की सोनोग्राफीतही शोधावा लागतो. सगळं व्हायला सहा महिने ते वर्ष. म्हणून पंधराव्या दिवशी आरशात बघून निकाल लावू नका.

पहिली डॉपलर साधारण एक-दोन आठवड्यांत, मुख्यतः खोलातली शीर मोकळी आहे ना यासाठी. मग तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने. प्रोबने दाबल्यावर शीर दबली नाही आणि व्यास उतरलेला असेल तर काम होतंय. रिपोर्टात थोडं उघडलंय पण उलटा प्रवाह नाही असं असेल तर बहुतेक डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. उलटा प्रवाह परत आला असेल आणि त्रासही असेल तर पुन्हा थोडा फोम. फोममध्ये दुसरी-तिसरी बैठक लागणं म्हणजे फसवणूक नव्हे, पण तिचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का हे मात्र पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या. इन्शुरन्सचंही तसंच, बऱ्याच पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्सला २ वर्षांचा वेटिंग पिरियड असतो आणि नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या बारीक शिरांचा क्लेम कॉस्मेटिक म्हणून परत येतो, त्यामुळे पाय दुखतो, सुजतो, कातडी काळवंडलीय हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असू द्या.

आणि वर्षाच्या डॉपलरला जाताना पहिले सगळे रिपोर्ट बरोबर न्या, शक्यतो त्याच सोनोग्राफीवाल्यांकडे जा, नाहीतर मिलिमीटरची तुलना करणार कशाशी.